कॉमेंट बंद आहेत, म्हणून पोस्टाने

प्रिय टाचणी,

घरी बसून लिहिणाऱ्या आणि त्यावरच जगणाऱ्या आपल्या जमातीची तक्रार एकच आहे, आणि ती मी आज सगळ्यांच्या वतीने उभी राहून मांडते: आम्हांला कोणी उत्तर देत नाही! लेख पाठवला, गप्प. आठवण केली, गप्प. छापून आला तरी गप्प, आणि नाही आला तर विचारायलाच नको. स्वयंपाक करणारीला निदान 'मीठ कमी पडलं' असं कोणीतरी सुनावतं. शिंप्याला गिऱ्हाईक आरशापुढे उभं राहून तोंड वाकडं करून दाखवतं. लिहिणाऱ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. म्हणून गेल्या आठवड्यात तुझ्या ब्लॉगवर जेव्हा वाचलं, की 'हे पान महिनाअखेर बंद करते आहे, पलीकडे कोणी आहे की नाही हेच कळत नाही', तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठले. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाले, "झालं. भोंगा वाजणार."

हो, मीच. कॉलेजातली तुझी भोंगा. आणि 'तुझा ब्लॉग' म्हटलं म्हणून दचकू नकोस. त्या पानावर तुझं नाव नाही, फोटो नाही, गावाचा पत्ता नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कसं ओळखलं ते सांगते. पण आधी घरच्या बातम्या, नाहीतर म्हणशील, इतक्या वर्षांनी पत्र लिहिलं आणि थेट भाषणच सुरू केलं.

बसडेपोच्या कामगार संघटनेत मी जन्मभर बोलले, हे तुझ्या कानावर असेलच. माइक असो नसो, डेपोच्या पार मागच्या भिंतीपर्यंत आवाज जायचा. मग तो आवाज आधी बसला, नंतर आडवाच झाला. डॉक्टरीणबाईंनी घशात बारीक कॅमेरा घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे म्हणाल्या. साधी होती, काढून टाकली. पण पुढचे कित्येक आठवडे एक अक्षर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. मी हातवारे करून विचारलं, कुजबुजलं तर? "कुजबूज तर आणखी वाईट." घर इतकं शांत झालं की यांनी मेकॅनिकला बोलावलं. फ्रीजमधून घरघर येते म्हणाले. मेकॅनिक म्हणाला, "काका, तो पहिल्यापासूनच घरघरतोय, तुम्हांला आत्ता ऐकू आलं." माझी नणंद तर दोन बस बदलून आली, समोर बसली, मनसोक्त बोलली आणि जाताना म्हणाली, "वहिनी, देव करो आणि तुम्हांला सावकाश बरं वाटो."

सूनबाईने मात्र हसण्यावारी नेलं नाही. तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, बोलायला बंदी आहे, लिहायला कुठे आहे?" मला काय, तेवढंच हवं होतं. बसमधल्या बायकांच्या जागांवर लिहिलं, रात्रपाळीच्या ड्रायव्हरांच्या झोपेवर लिहिलं, पाठवत सुटले. सगळं परत. एका उपसंपादिकेने तेवढं माणुसकीला जागून कळवलं, 'लेख कानात घुमला, पण आमच्याकडे एवढी जागा नाही.'

मग शिरले इंटरनेटवर. टाचणी, लेखकांना शिकवणाऱ्यांचा काय हा सुळसुळाट! एक म्हणतो रोज लिहा, दुसरा म्हणतो रोज लिहिलंत तर मेलात. एक म्हणतो लेख लांब हवा, म्हणजे शोधणाऱ्याला आधी दिसतो. दुसरा म्हणतो लोक पाच ओळींच्या पुढे वाचतच नाहीत. शीर्षकात आकडा हवा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. मीही इमानेइतबारे 'बसची वाट पाहण्याच्या सात युक्त्या' असा लेख लिहिला. मुलगा वाचून म्हणाला, "आई, आठवी घाल. चालत जा."

आणि अशात सूनबाईने एका दुपारी शोधलं, 'लेख परत येतो तेव्हा काय करावं', आणि तुझं पान उघडलं. पांढरं, साधं, काही उड्या मारणारं नाही, काही विकायला ठेवलेलं नाही. पहिलंच वाक्य: 'तुमच्या लेखाचा पहिला परिच्छेद बहुधा घसा खाकरण्यासाठी लिहिलेला असतो. तो काढा आणि लेख चालतो का पाहा.' नुकताच घसा कापून घेतलेल्या बाईला हे! मी रागारागाने पहिला परिच्छेद काढला. लेख चालला. दुसरा काढला. लेख धावला. तोच लेख पुन्हा त्याच उपसंपादिकेकडे पाठवला आणि आला की छापून!

त्या दिवसापासून तुझं पान वरपासून खालपर्यंत वाचत गेले. 'फुकटच्या जागेवर ब्लॉग जरूर लिहा, पण प्रत्येक लेखाची प्रत स्वतःकडे ठेवा. भाड्याच्या घरात राहतो म्हणून आपण दागिने घरमालकाकडे ठेवत नाही.' 'नेटवर मिळालेला फोटो वापरण्याआधी परवानगी वाचा. "तिथे होता म्हणून घेतला" हे सायकलचोराचं उत्तर आहे.' जुने लेख वर्षातून एकदा उघडावेत, मेलेल्या लिंका काढाव्यात, शिळी माहिती बदलावी, मग नवं लिहावं, हेही तूच शिकवलंस. नेटवर शब्दकोश कुठे आहेत, जुनी मासिकं फुकट कुठे वाचायला मिळतात, सगळं तिथे होतं. आणि ते दुसरं पान, बाहेरच्यांचे लेख घेणाऱ्या ठिकाणांचं! प्रत्येकापुढे तुझा शेरा: 'उत्तर देतात.' 'उशिरा देतात.' 'देत नाहीत, पण पाठवा, छापतात.' अगं, हे गोळा करायला किती लेख पाठवून किती दिवस वाट पाहिली असशील, ते मला त्या तीनच शेऱ्यांत दिसलं.

आणि मग ती सूचना आली. 'लेख झाला की मोठ्याने वाचा. समजा, शेवटच्या रांगेत एक बाई बसली आहे आणि तिला बस पकडायची आहे. तिने पिशवी मांडीवर घेतली, की समजा तुमचं वाक्य लांबलं. ती उभी राहिली, की लेख गेला.' मी लॅपटॉप मिटला आणि आवाज न काढता इतकी हसले की यांनी पाण्याचा पेला आणला. जगात हे दुसऱ्या कोणाला सुचणार? वादविवाद स्पर्धेला माझे मुद्दे तू कार्डांवर लिहायचीस, कोपऱ्यात टाचणी लावायचीस, आणि जाऊन बसायचीस शेवटच्या रांगेत. मी वाहवत चालले की तू पिशवी मांडीवर घ्यायचीस. तरी थांबले नाही तर उभी राहायचीस. अंतिम फेरीत तर तू चक्क दारापर्यंत गेलीस, आणि मी अखिल मानवजातीवरून थेट समारोपावर उडी मारली! ढाल मिळाली. ढालीसोबतच्या फोटोत तू नाहीस, कारण तू दाराशीच होतीस.

खात्री करून घ्यायला तुझ्या भावाच्या चष्म्याच्या दुकानात गेले. तोवर थोडं बोलायला परवानगी मिळाली होती. विचारलं, बहीण काय करते? "ती? घरी बसून टकटक करते दिवसभर. कोणाची माहितीपत्रकं, कोणा साहेबाचं भाषण, वॉशिंग मशीन कसं लावायचं त्याचं पुस्तक. नाव कुठेच नाही. हौस आहे, दुसरं काय!" मी म्हटलं, अरे, गावाला चष्मे लावतोस, एक स्वतःला लाव. रागावला नाही. दुकानाच्या कार्डामागे तुझा पत्ता लिहून दिला.

आता माझा आनंद सांगते. आवाज परत आला आहे, पण खालच्या पट्टीत आणि थोडा थोडा. परवा डेपोत एकाच्या निरोपाला बोलले, तर दोन मिनिटांत खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंची तब्येत अजून ठीक नाही. अगं, ठणठणीत आहे! मला आता थोडक्यात बोलता येतं, एवढंच झालंय. माझाही ब्लॉग आहे, आठवड्याला एक लेख, ठरल्या वारी, तू सांगितलंस तसाच. वाचणारे मूठभर. त्यातले एक गृहस्थ दर वेळी न चुकता खाली एकच शब्द लिहितात: 'असहमत.' एका आठवड्यात त्यांनी तो लिहिला नाही, तर मी दिवसभर काळजीत. पुढच्या आठवड्यात 'असहमत' आलं आणि जिवात जीव आला. भांडायला का होईना, पलीकडे माणूस लागतो.

आणि इथल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काहीजण जमतो, सगळे असेच घरबसल्या लिहिणारे. एक निवृत्त नर्स आहे, म्हाताऱ्या माणसांची घरी काळजी कशी घ्यावी यावर लिहिते. एक बँकेतले साहेब, नोकरी सोडून प्रवासावर लिहितात. एक तरुण आई आहे, बाळ झोपलं की तिचं लिखाण सुरू, बाळ उठलं की वाक्य तिथेच तुटतं. तुझं पान या सगळ्यांना पाठ आहे. मी दाखवलं नाही, आपापलं शोधून आले होते. बँकवाले म्हणतात, "या ब्लॉगने माझी विशेषणं काढून घेतली. आता बायकोचं कौतुक करायलाही शब्द उरला नाही." लिहिणारा पुरुष की बाई, यावर तिथे वाद झडतात. नर्स म्हणते, "बाईच. पुरुष असता तर कधीच फोटो टाकला असता." मी ऐकते आणि गप्प बसते. मी, भोंगा, गप्प! तुझं नाव तू झाकलं आहेस, ते उघडण्याचा अधिकार माझा नाही.

पण टाचणी, एका गोष्टीवर गप्प बसणार नाही. तुझी ती जुनी नोंद वाचली. ब्लॉग सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत कोणीतरी खाली विचारलं होतं, 'शिकवणाऱ्या तुम्ही कोण? स्वतःच्या नावावर एक तरी पुस्तक आहे का?' आणि तू लिहिलंस, 'मी उत्तर शोधलं, सापडलं नाही, म्हणून कॉमेंट बंद केल्या.' सापडलं नाही? सुईण आपलं नाव बाळाला देते का? पूल ज्यांनी बांधला त्यांची नावं पुलावर नसतात. म्हणून काय पूल पडतो? लोकांनी वॉशिंग मशीन नीट लावलं, साहेबाच्या भाषणाला टाळ्या पडल्या, माझा लेख छापून आला, ही सगळी तुझीच पुस्तकं, फक्त पुठ्ठा दुसऱ्याचा! एका माणसाने उंबऱ्यात उभं राहून वाकडा शब्द टाकला म्हणून तू दार चिणून टाकलंस, आणि आता म्हणतेस कोणी येत नाही. अगं, येतात! रोज येतात, भिंतीला हात लावतात आणि परत जातात. उत्तर न मिळण्याची तुझी तक्रार सोळा आणे खरी आहे. पण संपादकांनी आपल्याला दिलेली शांतता वेगळी आणि तू स्वतःवर लादून घेतलेली वेगळी. पहिलीशी आपण लढू. दुसरीची किल्ली तुझ्या हातात आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ब्लॉग चालू ठेव असं सांगायला नाही. थकली असशील, दुसरं काही लिहायचं असेल, तर बंद कर. तो हक्क तुझा. पण 'कोणी नाही' हा खोटा निकाल मनावर घेऊन बंद करू नकोस. परवा वाचनालयात तुझी ती पान बंद करण्याची सूचना सगळ्यांनी मिळून वाचली. मग नर्सने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तुझं पान वर-खाली करत राहिली, शेवटी चिडून म्हणाली, "अहो, इथे बोट ठेवायला जागाच नाही! या बाईंना सांगायचं कसं?" त्या खोलीत तुझा पत्ता फक्त माझ्याकडे होता. म्हणून हे पोस्टाने. प्रत्येकाने तुला काय सांगायचं ते लिहून तयार ठेवलं आहे. मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. ते तुझं आहे. तो पहिला प्रश्न विचारणारा परत आलाच, तर त्याचं उत्तर तू शोधू नकोस, ते आमच्यावर सोड. तू फक्त एक कर. पत्र खाली ठेव, ब्लॉगच्या सेटिंगमध्ये जा आणि कॉमेंट सुरू कर. आज. आत्ता.

तुझीच,
भोंगा