आतल्या खोलीतला फोन

डोंबिवली, १२ जुलै १९९९, सोमवार

सतीशने नवा कॉम्प्युटर स्वतः जोडलाय, पण इंटरनेट मध्येच तुटतं. कधी दोन मिनिटांत, कधी अर्ध्या तासाने. मोडेम बदलून झाला, वायर बदलून झाली. आज कळलं, सासूबाई आतल्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर सारखा उचलून बघतात. लाइन एकच, मग बाहेर तुटणारच.

का उचलतात ते मला ठाऊक आहे. सतीशशी भांडून मोठे भाऊजी घर सोडून गेले, तेव्हापासून त्यांचा फोन नाही. "चालू आहे ना, तेवढंच बघते गं," म्हणाल्या. आत नुसती किरकिर ऐकू येते, तरी कानाला लावून बसतात.

सतीश शांतपणे म्हणाला, "आई, तो नाही करणार फोन. तो मेला असं समज." आईशी असं बोलवतं तरी कसं? मग सासूबाई देवळात गेल्यावर त्याने आतल्या फोनची वायर कापली. पक्कड मीच आणून दिली. का दिली?

संध्याकाळी त्याने इंटरनेट लावलं आणि दहा मिनिटांत तुटलं. म्हणजे दोष त्यांचा नव्हताच. आत गेले तर सासूबाई रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या. "आज किरकिर नाही गं. लाइन सुधारली वाटतं."

बाहेर येऊन मी सतीशला म्हटलं, "ती वायर जोड ना परत."

"राहू दे," तो म्हणाला. "बसते ना गप्प." आणि परत मोडेम उघडायला बसला.