अकरा मिनिटांनी धाकटी

३ जून, सोमवार

लागलं एकदाचं सामान. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि खिडकीतून समोरच माझं नवं ऑफिस. बदलीच्या नोकरीत दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो, पण या खेपेला नशीब उघडलंय. नवरोबा जहाजावर. सहा महिन्यांनी उतरतील तेव्हा त्यांना सगळं आयतं मिळेल. पोरींनी आल्या आल्या खिडकीजवळच्या पलंगावरून भांडण काढलं. थोरलीने मोठेपणाचा हक्क सांगितला. धाकटी म्हणाली, अकरा मिनिटांचा कसला आलाय मोठेपणा. पलंग तिलाच मिळाला. दोघी इतक्या सारख्या की शेजारच्या काकू तासाभरात दोनदा फसल्या. मी डाव्या कानामागचा तीळ बघते. तो धाकटीचा.

संध्याकाळी दोघींचे शाळेचे फॉर्म पोर्टलवर भरले. जन्मवेळ ऐच्छिक होती. कंटाळा आला, रिकामी सोडली.

५ जून, बुधवार

ऑफिस झकास. चहा मात्र औषधासारखा. देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आमच्या पोर्टलवर असते. प्रवेश, हजेरी, धडे, गुण, दाखले, सगळं. साहेब म्हणाले, आपण टाकी आहोत, बाकी सगळे नळ. शाळा, बसचा पास, दवाखाना, वाचनालय, मूल कोण हे सगळे आपल्याला विचारतात. माझं काम दुबार नोंदी काढायचं. पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी येतात. एकच मूल दोनदा भरलं असेल तर ‘एक करा’ दाबायचं, नसेल तर ‘वेगळी’. दिवसाला तीनशे जोड्या. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना आजोबा म्हणतात. ते पाचशे उडवतात.

मी विचारलं, जुळी असली तर? आजोबा म्हणाले, जन्मवेळ भरलेली असली की यंत्र त्यांना पुढे आणतच नाही, नसली तर आपली नजर. मी म्हटलं, जुळ्यांच्या आईलाच बसवलंय, आता घोर नको. पोरींची जन्मवेळ भरायला हवी. रविवारी बघते.

११ जून, मंगळवार

रविवार पडदे शिवण्यात गेला.

आज एका बाईंचा फोन आला. त्यांच्या एका मुलाचे धडे उघडत नाहीत, हजेरीत नाव येत नाही, बसवाला चढू देत नाही. दुसऱ्या मुलाचं सगळं सुरळीत. बघितलं तर शुक्रवारी मीच ‘एक करा’ दाबलेलं. जुळे होते. घाईत नुसते फोटो बघितले, नावं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, दुरुस्तीचा अर्ज टाकला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, रडतोय तो, त्याला सांगते की ऑफिसातल्या मावशींनी शब्द दिलाय.

१३ जून, गुरुवार

दुरुस्तीचा अर्ज कुठे दिसेना, म्हणून मीच फोन केला. बाई म्हणाल्या, कसली तक्रार, मला एकच मुलगा आहे. मी त्या दुसऱ्याचं नाव घेतलं. त्या चिडल्या नाहीत, उलट माझी तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मागून मुलाचा आवाज आला. आपल्याकडे दोन दप्तरं का आहेत, असं तो विचारत होता.

आजोबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, नोंद गेली की आधी नळ बंद होतात, मग माणसं. मी चार वेळा पाहिलंय. ती मुलं कोण होती ते मलाही आठवत नाही, फक्त चार हा आकडा आठवतो.

घरी येऊन मंगळवारचं पान पुन्हा वाचलं. अक्षर माझंच आहे. लगेच पोरींची जन्मवेळ भरायला बसले. फॉर्म मंजूर झालाय. आता बदल शाळेमार्फत, सात दिवस लागतील.

१४ जून, शुक्रवार

दुपारी दोनशे चाळिसावी जोडी. माझ्या पोरी.

‘वेगळी’ दाबलं. पडद्यावर आलं की घरच्यांच्या नोंदीवर निर्णय देता येत नाही, जोडी दुसऱ्या टेबलाकडे पाठवली आहे. साहेबांपुढे रडले. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

१७ जून, सोमवार

आजोबांना हात जोडले. माझ्या पोरी दिसल्या तर थांबा म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, मी नावं वाचत नाही गं, फक्त फोटो बघतो. आणि शनिवारी मी पाचशे—

दुपारी धाकटीला बसमधून उतरवलं. चालत आली. टाचा सोलल्यात.

१८ जून

ही वही त्या टाकीला जोडलेली नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. धाकटी. डाव्या कानामागे तीळ. उजव्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याचा व्रण. दूध गार करून पिते. झोपेत मूठ आवळते. थोरली झाल्यावर नर्स आवरायला लागली तेव्हा मी ओरडले होते, अजून एक आहे, अजून एक—

नवरोबांचा फोन आला. म्हटलं, धाकटीशी बोला. ते म्हणाले, कोण धाकटी? मला वाटलं थट्टा.

१९ जून

काकू एकच वाटी खीर देऊन गेल्या. थोरलीने एकटीने संपवली. बहिणीकडे बघितलंही नाही.

उजव्या हाताने धाकटीचं मनगट धरलंय. डाव्याने लिहितेय. ती म्हणते आई दुखतंय. सोडणार नाही. माझी चूक. मीच रिकामी सोडली— डोळा लागता कामा नये— धाकटी. तीळ. गुडघा. दूध—

२२ जून, शनिवार

चौथा शनिवार, सुट्टी. बऱ्याच दिवसांनी छान झोप झाली. घर आवरलं. खिडकीजवळचा पलंग उगाच जागा अडवत होता, काकूंना देऊन टाकला. दोन पलंग कशाला आणले होते, देव जाणे. उजव्या हातावर नखांचे ओरखडे आहेत. कशाचे ते आठवत नाही.

दुपारी वही चाळली. माझ्याच अक्षरात कुणा मुलीचं वर्णन सापडलं. थोरलीला जवळ घेऊन कानामागे बघितलं. तीळ नाही. गुडघाही स्वच्छ. ती गुदगुल्या होतात म्हणून हसली. आत्ता लिहिताना खांद्यावरून वाचतेय. विचारते, आई, मी तर एकटीच आहे, मग तू मला थोरली का म्हणतेस?

मी म्हटलं, अगं, कारण—