पासलीची एकतीस माणसं

भोर, ८ नोव्हेंबर २००३

आदरणीय मौलालीमामू,

तुम्हाला आणि अन्वरीमामींना रियाजचा सलाम. वेल्ह्याच्या थंडीत मामींचे गुडघे कुरकुरत असतील. माझी तब्येत बरी आहे (अन्न गोड लागत नाही, एवढंच).

आमच्या पतसंस्थेच्या भोर आणि वेल्हे शाखांचे हिशेब कॉम्प्युटरवर एक करायचे ठरले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तोंडानं सोपं वाटतं. पण वेल्ह्यात कुंडलिकराव क्लार्क खातेदाराच्या नावापुढे ‘म’ लिहायचे, म्हणजे मासिक बचत. भोरात ‘म’ म्हणजे मयत. याद्या एक झाल्या आणि वेल्हे शाखेतली, पासली गावची एकतीस माणसं चहाच्या वेळेला वारली. अहवाल पुण्याच्या कार्यालयात गेलासुद्धा. (वेळेत पाठवल्याबद्दल शाबासकी आली.)

मंगळवारी पासलीच्या वरच्या वाडीतल्या बयाबाई आल्या. शेरडं राखतात. नात प्रगतीच्या नर्सिंगच्या फीसाठी साठवलेले पैसे काढायचे होते. मी खातं दोनदा उघडून पाहिलं. शेवटी म्हणालो, “आजी, हितं तुमी मयत दिसताय.”

“कवापास्नं?”

मी तारीख सांगितली.

“त्या दिशी तर म्या शेळीचं बाळंतपण केलं की!”

मॅनेजर आनंदराव हसले, मग खुर्चीत सरळ झाले आणि हयातीचा दाखला मागितला. बाई दोन एसट्या बदलून गेल्या, गुरुवारी दाखला घेऊन आल्या. तर कॉम्प्युटरमध्ये माणूस मेल्याची नोंद करायला जागा आहे, परत जिवंत झाल्याची नाही! पुण्याहून दुरुस्ती येईपर्यंत पैसे बंद. फीची मुदत शुक्रवारपर्यंत. बाईंनी तीन शेळ्या विकून फी भरली, त्यात ती व्यालेलीही गेली, करडांसकट. आज येऊन मला म्हणाल्या, “बाजारात कुनी इचारलं न्हाई बाबा, जिती हायस का म्हून.” रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाकी क्षेम.

तुमचा भाचा,
रियाज

ता. क. कुंडलिकरावांच्या गबाळेपणामुळं हे झालं, असं ऑफिसात म्हणतात. निवृत्तीला चार महिने राहिलेत आणि त्यांना नोटीस निघाली.

आणखी ता. क. दोन्हीकडच्या खुणा जुळवायचा कागद माझ्या हातचा होता. “आधी मला अर्थ विचार, मग लाव,” असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. मला घाई होती. आज मी हे आनंदरावांना लिहून दिलंय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. कुंडलिकराव तुमच्याच आळीत राहतात. मी पुढच्या रविवारी येतोय. त्यांच्या दारात एकट्यानं उभं राहवणार नाही. तुम्ही नुसते बरोबर चला, मामू. बोलेन मीच.