फायलीत मी सुखी आहे

कराड,
मंगळवार

तीर्थरूप राहीआत्यास,

शिवांजलीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? कडेगावात थंडी चांगलीच पडली म्हणे, आणि तू अजूनही पहाटे अनवाणी अंगणात फिरतेस असंही कळलं. तीस वर्षं नर्सबाई म्हणून गावोगाव लोकांना चपला घालायला लावल्यास, आणि स्वतः मात्र ही तऱ्हा. फोनच करणार होते, पण तुझा फोन नानासो उचलतो आणि स्पीकरवर ठेवून टीव्ही बघत बसतो. मला जे सांगायचं आहे ते तुझ्या लेकाने सोफ्यावर बसून ऐकण्यासारखं नाही. तेव्हा चष्मा लावून तूच वाच.

आमच्याकडे सगळं झकास आहे. कारखान्याचा हंगाम जोरात आहे. मी लॅबमध्ये दिवसभर उसाच्या रसाचे नमुने तपासते, आणि जयराज गेटवर सिक्युरिटीत असतो. फौज सोडून पाच वर्षं झाली तरी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना सावधानमध्ये उभं करतो. लग्नाला दीड वर्ष झालं, हार्मोनच्या औषधांना चार, पुण्यातल्या ऑपरेशनला दोन. (तुझा भाचा जाऊन भाची आली त्यालाही चार वर्षंच धरा, मी मात्र सातव्या वर्षापासून भाचीच होते.) रक्ताचे रिपोर्ट असे देखणे येतात की सांगलीचे डॉक्टर ते शिकाऊ डॉक्टरांना दाखवतात. रिपोर्टात मी उत्तम आहे. फायलीत तर मी सुखीच आहे. त्या फायलीनेच घात केला, तो कसा ते सांगते.

औषधं सुरू करण्याआधी मानसोपचाराच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. राणीने (ही माझी मैत्रीण, माझ्याआधी तीन वर्षं याच रस्त्याने गेलेली) माझी बोर्डाच्या परीक्षेला करावी तशी तयारी करून घेतली. कोणी पुरुष आवडतो, त्याच्या जवळ जावंसं वाटतं, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. नाहीतर म्हणतील, ही चैनीसाठी आली आहे, आणि हाकलून देतील. डॉक्टरांनी विचारलं, शरीरसुखाबद्दल काय अपेक्षा आहेत? मी नसलेला पदर सावरला आणि म्हणाले, छे, अजिबात नाहीत, मला भजनाची आवड आहे. (जन्मात मी भजन म्हटलेलं नाही. देवळात जाते ती प्रसादापुरती.) त्यांनी लगेच लिहून घेतलं, ‘वैवाहिक सुखाची अपेक्षा नाही.’ खाली सही त्यांची, सही माझी, वर शिक्का. मी पहिल्या फटक्यात पास झाले आणि राणीला भेळ खाऊ घातली.

आता पुढचं ऐक. ऑपरेशन चांगलं झालं, पण जवळ येणं दुखतं. आणि इच्छेचं तर औषधांनी वेळापत्रकच बदलून टाकलं. महिनाभर फिरकत नाही, आणि आलीच तर दुखण्याच्या धास्तीने दारातूनच परत जाते. दर तीन महिन्यांनी सांगलीचे डॉक्टर विचारतात, काही त्रास? विचारताना त्यांची नजर कागदावर असते, त्यामुळे प्रश्न रिपोर्टाला आहे असं समजून मी गप्प बसते. (मीही रसातली साखर मोजते, ऊस कसा आहे हे कधी विचारलेलं नाही. म्हणून नावं ठेवायला मला तोंड नाही.) उन्हाळ्यातल्या खेपेला मात्र धीर करून बोलले. डॉक्टरांनी फाईल चाळली आणि म्हणाले, “पण इथे तर अपेक्षाच नाही असं लिहिलंय. मग अडचण कसली?” त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. तेव्हा खोटं बोलले होते, हे मी सांगणारच होते, पण भीती वाटली. एक खोटं निघालं की हे लोक बाकीचंही खोटं ठरवतील, तुझं मुळातच चुकलं म्हणतील, औषधं बंद करतील. म्हणाले, हो की डॉक्टर, मी आपली सहज चौकशी केली.

त्यांनी मला बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाकावर सगळ्या पोटुशा. शेजारची म्हातारी म्हणाली, “कितवा म्हयना गं बाय?” मी विचारातच होते, म्हणाले चौथं वर्ष. म्हातारी बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आतल्या बाई तरुण होत्या, भल्या होत्या, माझ्यापेक्षा जास्त लाजल्या. आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही हो, म्हणाल्या, आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

मी आत असताना फाईल कोणाकडे? बाहेर बसलेल्या जयराजकडे. फौजी माणूस, हाती कागद पडला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचणार. परतीच्या एसटीत आष्ट्यापर्यंत तो फाईलच वाचत होता. मग म्हणाला, “तुला नगंच हाय हे. लिवलंय की त्यात. मला आधी का न्हाई सांगितलंस?” घरी आल्यावर त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. याला आठ महिने झाले. ते खरं नाही असं मी दोनदा सांगून बघितलं, तर म्हणतो, सही हाय तुझी. त्याच्या लेखी लिहिलेलं म्हणजे हुकूम, आणि हुकूम पाळणं म्हणजे माया. रागावलेला नाही. रागावला असता तर निदान कडाकडा भांडता आलं असतं.

मला मात्र राग येतो, आत्या. हे शरीर माझं करून घ्यायला मी काय काय सोसलं हे तुला ठाऊक आहे. सगळ्यांनी ते तपासलं, मोजलं, शिक्के मारले; त्यात राहायचं मला आहे, आणि मला तिथे बरं वाटतं का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सगळ्यात जास्त राग माझा मलाच येतो. असो, बाकी सर्व ठीक.

पत्र लिहिण्यास कारण की, बाहेरच्या खोलीत फार गारठा असतो. जयराजसाठी जुन्या लुगड्यांची एक जाड गोधडी शिवून पाठव. थोरांना नमस्कार, नानासोला टीव्हीचा आवाज कमी करायला सांग.

तुझी भाची,
शिवांजली

ता. क. गोधडी नको. त्याला बाहेर ऊब मिळाली तर तो आत कशाला येईल?

ता. क. दुसरा. माझी बहीण पूजा मांडवपरतणीला, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती, तेव्हा तू तिला गोठ्यात नेलंस. नव्या नवरीला आत्याने बाजूला घेऊन विचारायचं, ही आपल्या घरची रीत. दुखतंय का, मन लागतंय का, नवरा ऐकतो का. तासाभराने पूजा हसत बाहेर आली. कोणी आत जाऊ नये म्हणून दारात तिच्या भावाला उभं केलं होतंस. तो भाऊ मी. माझ्या लग्नात तू माझी ओटी भरलीस, सगळ्यांदेखत आमची पोरगी म्हणालीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण गोठ्यात नेलं नाहीस. रविवारी आम्ही दोघं येतो. मला ने. तुला सगळं माहीत नसलं तरी चालेल, माहीत असलेला डॉक्टर तुझ्या जुन्या ओळखीत शोधू. मग जयराजलाही आत बोलव.

ता. क. शेवटचा. विचारलंस की मी ‘बरं चाललंय’ म्हणेन. तोंडाला तशी सवय लागली आहे. तू दुसऱ्यांदा विचार.