मताच्या वेळी मी बाहेर होतो

गुरुवार, १० मार्च २०१६
हेल्मर काउंटी, नेब्रास्का

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालतो. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला दुकानात कळलं. सख्ख्या भावाला दुकानात कळावं, असे आपण झालोय. इकडे गाई विताहेत. काल एका दिवसात सात वासरं झाली. एक आडवं आलं होतं, पण वाचलं. पॅट्सी तुझी आठवण काढते. आमच्या मुली बऱ्या आहेत.

सहा वर्षांनी लिहितोय म्हणजे वासरं मोजायला लिहीत नसणार, हे तू ओळखलंच असशील. सोमवारच्या सभेबद्दल लिहायचंय.

तुझ्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी एक्केचाळीस म्हाताऱ्या माणसांच्या दारी गरम जेवण जातं. त्याला काउंटीने आणखी वर्षभर हातभार लावावा, असा तुझा अर्ज. राज्याच्या कायद्याने आम्हाला असा खर्च करायचा अधिकार दिलाय, सक्ती मात्र केलेली नाही. म्हणजे सगळं आम्हा तीन निवडून आलेल्या कमिशनरांच्या मतावर. रॉस्को 'हो' म्हणणार, डेलमर 'नाही' म्हणणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उरलो मी. आणि मी टोपी उचलून बाहेर गेलो. एक विरुद्ध एक, ठराव पडला. महिनाअखेर तुझी चूल बंद.

"तिथला पगार माझ्या बहिणीला मिळतो, म्हणून मला मत देता येत नाही," असं मी जाताना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पेंडीच्या दुकानात एकाने पाठसुद्धा थोपटली. "वेंडेल सरळ माणूस," म्हणाला.

तिथून अर्डिसबाईंकडे गेलो. आपल्या शाळेतल्या बाई, आता एक्क्याण्णवच्या. निदान त्यांना तरी समजावून सांगावं म्हटलं. तुमचा डबा नुकताच आला होता, कोंबडी आणि नूडल्स. अर्धं बशीत काढत होत्या, अर्धं रात्रीसाठी झाकून ठेवत होत्या.

"कायदा आडवा आला म्हणे तुला?"

"हो, बाई."

"बिचारा! मग तू तरी काय करणार? बस, दोन घास खा. किती वाळलायस!"

आणि झाकून ठेवलेल्यातलंच मला वाढायला लागल्या. मी गाईंचं निमित्त सांगून पळालो. शरमेने मेलो, ताई.

कारण कायदा आडवा आलाच नव्हता.

सभेआधी मी काउंटीची वकील कोरिन हिला विचारलं होतं. तिने पुस्तक उघडून दाखवलं. "बायको किंवा घरातली मुलं असती तर बाहेर जावं लागलं असतं. वेगळं घर असलेली बहीण त्यात येत नाही. नातं आधी सांगा आणि खुशाल मत द्या." शब्द न् शब्द ऐकला मी. बरं म्हटलं. आणि तरी उठलो.

डेलमरच्या भीतीने उठलो असतो तरी परवडलं असतं. मला तू माझ्या दारी यायला हवी होतीस. आईला मी वृद्धाश्रमात ठेवली, त्या दिवशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "आजपासून मला भाऊ नाही." ते सहा वर्षं मनात धरून बसलो. मग तुझा अर्ज आला, 'माननीय कमिशनर' म्हणून. वाटलं, एक फोन करशील. नुसतं 'वेंडेल, बघ रे जरा' म्हणाली असतीस तरी पुरे होतं. सोमवारी पहिल्या रांगेत येऊन बसलीस आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. माझं डोकंच फिरलं. भाऊ नाही ना? मग भावाचं मत तरी कशाला हवंय हिला! तुला धडा शिकवायला गेलो आणि अर्डिसबाईंच्या तोंडचा घास काढला.

आता पुढचं. येत्या सोमवारी साडेनऊला तोच ठराव मी स्वतः पुन्हा मांडतोय. कोरिन म्हणाली, चालतं. विषयपत्रिकेत घालूनही झालं. मत देण्याआधी मी सांगणार आहे की मला कायद्याने अडवलं नव्हतं, मी खोटं बोललो. तसं इतिवृत्तात लिहायला लावणार आहे. डेलमर नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत ते चघळत बसेल. बसू दे. पॅट्सी म्हणते, "गुपचूप मत दे की! बाकीचं कशाला बोलतोस?" पण मग अर्डिसबाई मला बिचाराच समजत राहतील, ते मला सोसवत नाही.

माफीचं वाक्य दोनदा लिहून खोडलं. चुकलो, ताई. माफ कर. तू सभेला ये किंवा नको येऊस, फोन कर किंवा नको करूस, माझं मत 'हो' आहे. त्यासाठी तुला माझ्या दारी यावं लागणार नाही. स्वयंपाकाच्या बायकांना कामावरून काढू नकोस.

फक्त एक गोष्ट राहिली. मत देण्याआधी नातं सांगावं लागतं. अर्जदार तुमची कोण, असं भर सभेत विचारतील. गेल्या सोमवारी पळवाट म्हणून म्हणालो, तसं नाही; या वेळी मी मनापासून 'माझी बहीण' म्हणणार आहे. तुझी हरकत असेल तर सोमवारच्या आत कळव.

तोवर खाली नुसतं नाव लिहितो.

वेंडेल