दुसरा लिव्हर

मिरज,
सोमवार, ता. ११ फेब्रुवारी १९७४

प्रिय मानसिंग,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुझी, वहिनींची आणि पोरांची खुशाली कळावी. कोयनेला अजून थंडी असेल. कडेगावला मात्र ऊन तापायला लागलं.

दिवाळीनंतर पत्र लिहिलं नाही, राग मानू नकोस. कामात होतो. काम कोणतं ते सांगतो, मग तुला राग येईलच.

दिवाळीत तुझ्याकडून कळलं म्हणून तुमच्या धरणाच्या प्रोजेक्टच्या भंगाराच्या लिलावातून मी दोन लिव्हरचा वाल्व आणि दोन सिलिंडर घेतले. कुणासाठी ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ते कृष्णातसाठी होते. तुझ्या धाकट्या भावानं ज्या चिमुकल्या ट्रॅक्टरसाठी तुला न विचारता बैल विकले, आणि ज्यासाठी तू दोन वर्षं घराकडं पाठ फिरवून बसलास, त्याच ट्रॅक्टरला मी ते लावले. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच.

तुमच्या माळाच्या तुकड्यातले दगड तुला माहीत आहेत. एकेक दगड पहारीनं उपटून दोघांनी लोटायचा, असं करत तुमच्या वडिलांची कंबर गेली. कृष्णात म्हणाला, ‘जोत्या, दगूड धरून उचलंल असा पंजा बसीव की.’ आता ह्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक म्हणजे मागची लिफ्ट वर-खाली करण्यापुरतं. पंप एक, वाट एक. मी काय केलं, पंपाकडून लिफ्टकडं जाणारा पाइप मधे तोडला आणि तिथं तुझा वाल्व बसवला. तेल आधी वाल्वमधे येतं आणि तिथून उरलं तर लिफ्टला जातं. पहिला लिव्हर पंजाचा लोखंडी हात उचलतो, दुसरा पंजा उघडतो आणि आवळतो. तेल कमी पडायला लागलं म्हणून वर जादा टाकी जोडली. पहिल्या दिवशी पंजानं मणभराचा धोंडा अंडं उचलावं तसा उचलला. बांधावर माणसं गोळा झाली होती. मी फुगलो होतो, कबूल करतो.

एक विचारायचं होतं. तो वाल्व मशीनवर होता तेव्हा लिव्हर आपोआप मधे आणणारी स्प्रिंग त्यात होती का? आता नाही. लिव्हर जिथं टाकावा तिथंच बसून राहतो. तेवढं आठवून कळव.

बाकी विशेष नाही. शुक्रवारी काम करताना कृष्णातच्या उजव्या हाताला जरा लागलं. मिरजेच्या दवाखान्यात आणलंय, म्हणून पत्र इथून. हरणाबाई सोबत आहे, नवऱ्याजवळून हलत नाही. डॉक्टर चांगले आहेत. सवड काढून एकदा येऊन गेलास तर त्याला बरं वाटेल. घाई नाही.

पत्र मिरज-कोयना गाडीचा कंडक्टर बाळासो घेऊन येईल. पोस्टावर माझा भरवसा नाही.

तुझा,
जोतीराम


मिरज,
बुधवार, १३ फेब्रुवारी

मानसिंग,

नमस्कार आणि खुशाली राहू दे. मागच्या पत्रात ‘सगळे खुशाल’ लिहिलं ते सवयीनं. ‘घाई नाही’ लिहिलं ते मात्र मुद्दाम लिहिलं. का लिहिलं ते मला विचारू नकोस. घाई आहे. आज निघ.

बाळासो सांगत होता, तू पत्र वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि ‘बघतो म्हनावं’ एवढंच बोललास. चूक तुझी नाही. मीच तसं लिहिलं होतं.

जरा लागलेलं नाही. कृष्णातचा पंजा, म्हणजे त्याच्या हाताचा पंजा, लोखंडी पंजा आणि दगड यांच्यामधे सापडला. चार बोटांची हाडं चुरली. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले वाचवून बघू. रविवारी बोटं निळी झाली, सोमवारी काळी. मी तुला ते पत्र लिहीत होतो तेव्हा नर्स ड्रेसिंग सोडत होती आणि वास व्हरांड्यापर्यंत येत होता. तरी मी तुला स्प्रिंगचं विचारत बसलो. आज काळेपणा मनगटाच्या वर चढलाय. अंगात ताप आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कोपराखालून हात काढायचा, आज नाहीतर उद्या. परवावर गेलं तर खांद्यातून काढावा लागेल, आणि मग माणसाचीही खात्री नाही.

आणि तुझा भाऊ सही करत नाही.

मी समजावलं. हरणाबाईनं पाय धरले. शेजारच्या खाटेवर तासगावकडचे एक म्हातारे आहेत, पायगोंडा आण्णा, त्यांचा स्वतःचा पाय गुडघ्यातून काढलाय. त्यांनी चादर वर करून दाखवला आणि म्हणाले, ‘बाळा, म्या जिता हाय का न्हाई बघ.’ कृष्णातनं मान हलवली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, ‘दादाला इचारल्याबिगार न्हाई. मागल्या खेपंला न इचारता बैलं इकली. आता हात तरी इचारून देतो.’

तापात बरळतोय असं मला वाटलं. तसं नाही. शुद्धीत आहे, आणि तुझ्यासारखाच हट्टी आहे. तुमच्या घरात ही एकच इस्टेट वाटणी न होता दोघांना सारखी मिळाली.

कसं झालं ते विचारशील. पाइप फुटला. पंजाकडं जाणारा पाइप कामात असताना फुटला आणि पंजा त्याच्या हातावर आवळला. नशीब म्हणायचं.

येता येत नसेल तर चिठ्ठी दे. दोन ओळी पुरेत. ‘हात काढ’ एवढं लिहून खाली तुझं नाव घाल. बाळासो उद्या परतीच्या गाडीला तुझ्या दाराशी थांबेल. मानसिंग, मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. भंगारसुद्धा लिलावात रीतसर बोली लावून घेतलं. हे मागतो.

जोतीराम


मिरज,
शुक्रवार, १५ फेब्रुवारी

मानसिंग,

तुझा निरोप काल दुपारी बाळासोनं व्हरांड्यात उभं राहून जसाच्या तसा सांगितला. ‘पाइप फुटला तर पंजा ढिला पडतो, आवळत न्हाई. परवा लिवलं घाई न्हाई, आज लिवतो मरतोय. जोत्याला म्हनावं, खरं काय त्ये लिव, मग येतो.’

पाच वर्षं धरणावर शॉव्हेल मशीन चालवलेल्या माणसाला मी पाइप फुटल्याची थाप मारली. तेल गळून गेल्यावर पंजात जोर कुठून येणार, हे माझ्या दुकानात पाना धुणाऱ्यालाही कळेल. पण भ्यालेल्या माणसाला अक्कल राहत नाही. आता खरं लिहितो.

पंजा बसवला तेव्हा हाका काय मारायच्या हे ठरवायचं होतं. पंजा मागं, ट्रॅक्टरवरचा माणूस पुढं तोंड करून. आणि मोठा दगड धरला की पलीकडं कोण काय करतंय ते मान वळवूनही दिसत नाही. खालच्यानं ओरडायचं, वरच्यानं लिव्हर टाकायचा. कृष्णात म्हणाला, ‘उघड नि मीट म्हनूया. मुठीवानीच हाय की त्ये.’ मी हसलो. म्हणालो, मूठ मिटतात, मशीन बंद करतात, जरा माणसात राहा. आयटीआयची परीक्षा दिलेला मी. पांढऱ्या रंगानं लिव्हरच्या एका बाजूला ‘उ’ काढला, उघड, आणि दुसऱ्या बाजूला ‘बं’, बंद, म्हणजे पंजा आवळ. तो बिचारा ‘बरं’ म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मी ट्रॅक्टरवर आणि कृष्णात खाली असताना पंजाच्या दातांत एक लहान धोंडा अडकला. त्यामुळं मोठा दगड नीट धरला जाईना. कृष्णात तो काढायला वाकला. आत हात घालताना त्यानं ओरडून सांगितलं, ‘बंद कर रं.’

त्याला इंजिन बंद करायला सांगायचं होतं. आपण सगळेच असं म्हणतो. पंप बंद कर, मोटार बंद कर, गिरणी बंद कर. मी लिव्हर ‘बं’कडं टाकला.

तो पुन्हा ओरडला, ‘बंद कर, जोत्या, बंद कर.’ मला वाटलं, पंजा पुरता मिटला नाही असं तो सांगतोय. मी आणखी रेटला, मानसिंग. दोन्ही हातांनी रेटला. तिसऱ्या वेळी शब्द नव्हते, नुसता आवाज आला, तेव्हा मी मागं बघितलं.

स्प्रिंगचं विचारलं होतं ना? स्प्रिंग नव्हती हे खरं. पण स्प्रिंग असती तरी काय उपयोग, मी लिव्हर सोडलाच नव्हता. तुझ्या भंगारावर ढकलता आलं तर बघत होतो. माझ्या जन्मात मी एवढा हलका कधी झालो नव्हतो.

पाइप फुटल्याचं त्यानंच सुचवलं. जीपमधे हाताला धोतर गुंडाळून पडला होता आणि मला सांगत होता, ‘पाइप फुटला म्हन. न्हाईतर तुझ्या दुकानात कोन चढंल का?’ हरणाबाईला अजून तेच माहीत आहे. ती मला चहा आणून देते. तो चहा मी पायरीखाली ओततो.

आता कालचं. तुझा निरोप आला तेव्हा दोन वाजले होते. डॉक्टर म्हणाले, चारपर्यंत सही झाली तर कोपराखालून भागेल. कोयनेला जाऊन यायला वेळ नव्हता. तुझी ‘खरं लिव’ ही अट बरोबरच होती, पण ती पाळायला माझ्याजवळ दोन तास होते. मी कृष्णातला एकट्यात सांगितलं, दादा येतोय, तोवर सही कर. तो म्हणाला, ‘दादा आला की करतो.’

शाळेत तू माझ्याकडून शिक्षेच्या ओळी लिहवून घ्यायचास, तुझ्या अक्षरात. मास्तरांना कधी कळलं नाही. मी दवाखान्यासमोरच्या दुकानातून कागद आणला, पायरीवर बसलो आणि तुझ्या अक्षरात तुझं पत्र लिहिलं. बाळासोनं आणलं असं सांगून कृष्णातच्या हातात दिलं.

त्यानं डाव्या हातात धरून दोनदा वाचलं. म्हणाला, ‘दादा असं कवा बोलत न्हाई.’ मग म्हणाला, ‘पर लिवलंय तर लिवलंय.’ आणि सहीचा कागद मागितला. सातवी पास झालेला माणूस, डाव्या हाताचा अंगठा उठवला. हरणाबाईला वाचता येत नाही, तिनं ते पत्र कपाळाला लावलं.

सव्वाचारला आत नेला. कोपराखालून भागलं. आज सकाळी ताप उतरला, पेज प्याला. डॉक्टर म्हणतात जगेल. जगेल, मानसिंग.

ते पत्र त्याच्या उशाखाली आहे. सकाळपासून तीन वेळा त्यानं विचारलं, ‘दादा कितीच्या गाडीला येतोय?’ आणि एकदा विचारलं, ‘जोत्या, दादा खरंच आसं लिवला व्हय?’ मी हो म्हणालो. त्यानं उशाखालचं पत्र पुन्हा चाचपलं. त्याला कळलंय की नाही, मला सांगता येत नाही.

पायरीवर बसलो होतो तेव्हा एक मोह झाला. त्याच पत्रात ‘जोतीरामला दोष देऊ नकोस’ अशी एक ओळ घालावी. तुझ्या अक्षरात, तुझ्या नावानं. लेखणी टेकवलीही होती. घातली नाही. ते तू द्यायचं किंवा नाही द्यायचं, मी चोरून घेणार नाही. मला पोलिसात दे, गावात तोंड काळं कर, हरणाबाईला सगळं सांग. मी इथंच व्हरांड्यात आहे, पळून जाणार नाही. ट्रॅक्टरवरचा वाल्व काढून टाकायचा निरोप पायगोंडा आण्णांच्या मुलाकरवी माझ्या दुकानात धाडलाय.

पण खाटेजवळ गेल्यावर तो तुला आधी पत्राचं विचारील. तेव्हा ‘मी लिहिलं’ म्हण. तू नाही म्हणालास तर त्याचा हात त्यानं पुन्हा न विचारताच दिला असं होईल, आणि ते त्याला सोसणार नाही. तू काय लिहिलंस ते तुला ठाऊक असावं म्हणून नक्कल खाली देतोय. वाचताना पाठ होईल इतकंच आहे. बाळासो गाडी सुटेपर्यंत तुझ्या दारात थांबेल.

ज्याच्या हातून झालं तो,
जोतीराम

सोबत : तुझं पत्र.

चि. कृष्णात यास आशीर्वाद.

जोतीरामचं पत्र पोचलं. हात काढायला लागतो म्हणतात तर काढू दे. मला विचारलंस, बरं केलंस. बैल विकलेस म्हणून मी रागावलो, पण त्या बैलांना वैरणपाणी तूच करत होतास, मी नुसता थोरला म्हणून मालक होतो. मी तिथं असतो तर मीच तुला विक म्हणालो असतो. एका हातानं होईल तेवढं रान तू बघ, उरलेलं मी बघीन. डॉक्टरांना उलट बोलू नकोस.

मी निघालोय.

तुझा दादा,
मानसिंग