जर्मनला सुट्टी

नादोर, रविवार

दुन्याच्या बाबांना,

तुमच्या लेकीनं शाळेत जर्मन यंदापुरती सोडली. म्हणते, "आई, डोकं शिणलं गं. पुढच्या वर्षी बघू." जर्मनीहून आलेला तुमचा प्रत्येक कागद हीच मला वाचून दाखवायची. गेल्या महिन्यात तुमच्या विम्याच्या कागदांत एक जास्तीचा निघाला. "काही नाही, जाहिरात आहे," म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन बंद! जाहिरातीवर सरकारी शिक्का असतो होय?

मग चहाचा पुदिना निवडता निवडता मी तिचंच पुस्तक चोरून वाचायला लागले. चौथा धडा कुटुंबाचा आहे. त्या कागदावर 'बायको' या शब्दापुढे नाव आहे. माझं नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पोरीला वाटू दे, आईला अजून जर्मन वाचता येत नाही.

मीमूंत